मांडीतलं कोठार

पंगत उठते तेव्हा हल्ली मी माणसांचे हात बघतो. इंदूरच्या मराठी वस्त्यांत, म्हणजे रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात, गणपतीच्या महाप्रसादाला अजून कुठेकुठे भारतीय बैठक असते. पोरं हात न टेकता उठतात. पन्नाशीचा माणूस एक हात जमिनीला लावतो. साठीपुढचे दोन्ही हात टेकतात, नाहीतर शेजारच्याचा खांदा शोधतात. यंदा आमचे काका उठेचनात. शेवटी मी आणि चुलतभावाने त्यांना काखेत हात घालून उभं केलं. गुडघ्याचं तेल, पट्टा, ऑपरेशन असे सल्ले लगेच सुरू झाले. काका ओशाळून म्हणाले, "अरे, गुडघ्यांना काही झालेलं नाही. मांड्याच ऐकत नाहीत."

काकांचं वय सहासष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.१, वजन दहा वर्षं चौसष्ट किलोवर ठाम. या दोन आकड्यांवर त्यांना आजवर शाबासकीच मिळाली होती. दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासला जातो, लघवीतलं प्रोटीन मोजलं जातं, तळपायाला सुईसारखं काहीतरी टोचून संवेदना बघितली जाते. मांड्यांकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं. स्नायू हा मधुमेहाशी संबंधित अवयव आहे, हेच आपल्या डोक्यात नसतं. साखरेचा आजार म्हणजे स्वादुपिंडाचा, फार तर यकृताचा, असं आपण धरून चालतो.

आता सकाळच्या एका प्लेटचा हिशेब बघू. पोहे, वर शेव, जीरावन मसाला, बाजूला जिलबी. इंदुरात याला नाश्ता म्हणतात, बाकीचं जग याला काय म्हणेल ते म्हणो. निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून, उपाशीपोटी, जेमतेम पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचा एक चमचा. त्या प्लेटमधून याच्या कितीतरी पट साखर तासा-दोन तासांत रक्तात उतरते. तरीही निरोग्याच्या रक्तातला आकडा थोडा वर जाऊन परत येतो, कारण ती साखर ठेवायला जागा असते. यकृतात शंभर-एक ग्रॅम मावते. स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम, ग्लायकोजेन नावाच्या साठवणीच्या रूपात. इन्सुलिन शिरेतून देऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं, की त्याच्या हुकमावर उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के साखर एकटे स्नायू उचलतात. शिवाय या कोठारातून माल परत बाजारात येत नाही. यकृत गरज पडली की साखर रक्तात सोडतं. स्नायूकडे ती बाहेर सोडण्याचं एन्झाइमच नाही. जे आत गेलं ते तिथेच जाळायचं.

हा माल आत कसा जातो, हे छावणीच्या धान्यमंडीत उभं राहून चांगलं कळेल. वखारीबाहेर पोत्यांची गाडी उभी आहे. इन्सुलिन म्हणजे आडत्याची चिठ्ठी. ती दारावर पोचली की आतला मुनीम ती वाचतो, पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि आत बसलेले हम्माल उठून दाराशी येतात. या हम्मालांचं शास्त्रीय नाव ग्लूट-४. ही प्रथिनं पेशीच्या आत बारक्या पिशव्यांत पडून असतात आणि निरोप आला की पेशीच्या भिंतीवर येऊन साखर आत ओढतात. टाइप टू मधुमेहात बहुतेकदा आधी बिघडतो तो मुनीम. चिठ्ठी येते, पण तो ती वाचत नाही. आडत्या आणखी चिठ्ठ्या पाठवतो, मोठ्या अक्षरात पाठवतो, आणि काही वर्षांनी चिठ्ठ्या लिहिणारं स्वादुपिंडच थकतं.

मुनीम का बिघडतो? स्नायूच्या पेशीत चरबी साचते, आणि तिच्यापासून तयार होणारे काही पदार्थ निरोपाची साखळी मधेच तोडतात, हे एक प्रमुख कारण. गंमत अशी, की लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही चरबीचे थेंब भरपूर असतात आणि त्यांचं इन्सुलिन उत्तम चालतं. त्यांच्याकडे ती चरबी रोज येते आणि रोज जळते. बैठ्या माणसाकडे ती येऊन पडून राहते.

याच वखारीला मागचं दार आहे. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे प्रत्यक्ष काम करू लागला, की आतली ऊर्जा खर्च होते, कॅल्शियमची हालचाल होते, आणि हम्माल चिठ्ठीची वाट न बघता आपणहून दाराशी येतात. हा मार्ग इन्सुलिनच्या मार्गापेक्षा वेगळा आहे आणि मधुमेहातही तो बऱ्यापैकी शाबूत असतो. चौदा वर्षांच्या मधुमेह्याच्या मांडीतही. वर व्यायामानंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास मुनीमही जरा शुद्धीवर असतो आणि चिठ्ठ्या वाचतो. मला विचाराल तर मधुमेहाच्या सगळ्या शरीरशास्त्रात याहून दिलासा देणारी गोष्ट नाही, आणि हीच रुग्णाला सर्वांत कमी समजावून सांगितली जाते. "चालत जा" एवढंच सांगतात. का, ते सांगत नाहीत.

आता काकांचे चौसष्ट किलो. वजन वाढलं नाही याचा अर्थ काही बदललं नाही, असा होत नाही. दहा वर्षांत चार किलो स्नायू जाऊन चार किलो चरबी आली, तरी वजनकाटा गप्पच बसेल. आणि आपल्या लोकांत हा घोटाळा जन्मापासूनचा आहे, हे पुण्यातल्या संशोधनाने दाखवून दिलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. बाळ लहान तर सगळंच लहान असायला हवं. पण तसं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव फारच कमी होते, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. बाळ दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं.

याच गोष्टीचा एक खट्याळ पुरावा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी शेजारी उभं राहून फोटो काढला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्याला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक सडपातळ काकांचा फोटो तो. म्हणजे कोठार मुळातच लहान, आणि त्यावर इंदूरच्या सराफा बाजारातली रात्रीची खाबूगिरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास उंबरठ्यावरचे लोक मोजले. त्यातल्या किती जणांचं कोठार जन्मतःच अपुरं होतं, हा हिशेब वजनकाट्यावर लागणारा नाही.

आतापर्यंत स्नायू बिघडला की मधुमेह कसा होतो ते पाहिलं. उलटी वाटही आहे. मधुमेह स्नायूला खातो, आणि बऱ्याच बाजूंनी खातो. इन्सुलिनचं काम साखरेपुरतं नाही. स्नायूतली प्रथिनं मोडू न देणं हेही त्याचंच काम. ते कमी पडलं की मोडतोड वाढते. साखर जास्त काळ चढी राहिली की ती प्रथिनांना चिकटते. स्नायूभोवतीचं आणि सांध्यांचं कोलॅजन कडक होतं. मधुमेह्यांचा खांदा आखडण्यामागे आणि नमस्कारात तळवे पूर्ण न जुळण्यामागे हीच चिकट साखर असते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पेशीतली ऊर्जाकेंद्रं मंदावतात. आणि चेता मरू लागल्या की त्यांच्या टोकाचे स्नायू अनाथ होतात. हे सर्वांत आधी पायाच्या पंजात होतं. पंजातले बारके स्नायू वाळतात, बोटं आकड्यासारखी वळतात, दाब भलत्याच जागी येतो, आणि तिथेच ती न भरणारी जखम होते. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेची गोष्ट आपण साखर आणि जंतू यांच्यावर संपवतो. तिची सुरुवात कित्येकदा एका वाळलेल्या स्नायूने झालेली असते.

अमेरिकेत सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या माणसांना तीन वर्षं तपासून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की मधुमेह्यांच्या पायांतली ताकद इतरांपेक्षा वेगाने गेली, आणि जेवढा स्नायू घटला त्या मानाने ताकद जास्त घटली. म्हणजे उरलेला स्नायूही पूर्वीच्या कसाचा राहत नाही. काकांच्या मांड्या बघायला ठीकठाकच होत्या.

इन्सुलिन अजिबात नसेल तर काय होतं, ते जुन्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा ग्रीक वैद्य अरेटियस या रोगाचं वर्णन करताना अंगातलं मांस विरघळून लघवीवाटे वाहून जातं असं म्हणतो, आणि ते फारसं अतिशयोक्त नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत ज्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्प्सन चौदा वर्षांचा होता आणि वजन होतं साधारण एकोणतीस किलो. आमचं लोकमान्यनगर ज्यांच्या नावाचं, त्यांनाही मधुमेह होता. त्यांचा प्रकार वेगळा, प्रौढ वयातला. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम, पोहणं यांत घालवलं आणि किरकोळ शरीर कमावून दणकट केलं, परीक्षेत नापास झाले, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. १९०८ ते १९१४ ही मंडालेची वर्षं त्यांनी मधुमेहासह काढली, पथ्य म्हणून सातूच्या पिठावर. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले. इन्सुलिनचा शोध पुढच्या वर्षीचा. औषध नावाचं काही हाताशी नसताना त्यांना ते दुखणं इतकी वर्षं निभावता आलं, त्यात त्या तालमीतल्या वर्षाचा काही वाटा असेल का, असं मला उगीच वाटत राहतं. सिद्ध करता येणार नाही.

आता औषधांकडे येऊ. इथे जपून बोलायला हवं, कारण अर्धं वाचून गोळी बंद करणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. चढी साखर हीच स्नायूची मोठी शत्रू, तेव्हा ती उतरवणारं औषध बहुतेक वेळा स्नायूचं भलंच करतं. पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

इन्सुलिन मोडतोड थांबवतं. बांधकाम मात्र त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला खाण्यातलं प्रथिन लागतं आणि स्नायूवर भार लागतो. दोन्ही नसतील तर इन्सुलिनने वाढलेलं वजन मुख्यतः चरबीचंच.

मेटफॉर्मिन ही सर्वांत जुनी, स्वस्त आणि विश्वासू गोळी. तिच्याबद्दल २०१९ साली एक कोड्यात टाकणारा निष्कर्ष आला. पासष्टीपुढच्या, मधुमेह नसलेल्या माणसांना चौदा आठवडे वजनांचा व्यायाम दिला. अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना नुसतीच दिखाऊ गोळी. स्नायू दिखाऊ गोळीवाल्यांचे जास्त वाढले. ही माणसं मधुमेही नव्हती, त्यामुळे यावरून काकांची गोळी काढणं हा मूर्खपणा ठरेल. मला त्याहून जवळची वाटते ती दुसरी गोष्ट. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. आपण बरेचसे शाकाहारी. पुण्याच्या त्याच सहा गावांत जवळपास दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं होतं. मुळात तळाला गेलेल्या हौदातून रोज आणखी एक तांब्या. बी-१२ घटलं की चेता बिघडतात, पाय बधिर होतात, चाल डगमगते, आणि हे सगळं मधुमेहाच्या चेताविकारासारखंच दिसतं. शुगरमुळेच आहे म्हणून सोडून दिलेल्या किती मुंग्या साध्या इंजेक्शनने गेल्या असत्या, कोण जाणे. काकांचं बी-१२ चौदा वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. तपासलं तेव्हा कमीच निघालं.

लघवीवाटे साखर सोडणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, पेटंट संपल्यावर २०२० च्या अखेरीपासून स्वस्त झाल्या आणि आता सर्रास दिल्या जातात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या. पण दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर बाहेर जाते म्हणजे तेवढं अन्नही जातं. गुबगुबीत माणसाला ते मानवतं. आधीच वाळलेल्या, कमी खाणाऱ्या म्हाताऱ्याला देताना डॉक्टरने दोनदा विचार करावा.

सध्या बोलबाला इंजेक्शनांचा आहे. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये, आणि इंदुरात लग्नाच्या मोसमाआधी ती कोण घेतंय याच्या कुजबुजी कीर्तनातही ऐकू येतात. भूक जाते, वजन उतरतं, साखर उतरते. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत काही जणांच्या शरीराचं आतलं मोजमाप केलं, तेव्हा गेलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के चरबीखेरीजचं निघालं. ते सगळं स्नायूच नसतं, पाणी आणि इतर अवयवही त्यात मोजले जातात, आणि चरबी जास्त गेल्यामुळे शरीराचं प्रमाण एकूण सुधारतंच. तरी ज्यांचं कोठार पुण्याच्या बाळांसारखं मुळातच लहान, त्यांनी हा आकडा परदेशी रुग्णापेक्षा जास्त मनावर घ्यायला हवा. शिवाय इंजेक्शन थांबवलं की वजन परत येतं, ते चरबीच्या वाटेने पटकन आणि स्नायूच्या वाटेने महामुश्किलीने.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, बहुतेक मधुमेह्यांच्या डबीत असते, आणि पाय दुखले की पहिला आळ तिच्यावर. लंडनच्या २०२० च्या एका प्रयोगात, स्टॅटिनच्या त्रासाने गोळी सोडलेल्या साठ जणांना आळीपाळीने खरी गोळी, दिखाऊ गोळी आणि रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के दिखाऊ गोळीवरही झाला. खरा त्रास काहींना होतोच. पण विचारल्याशिवाय सोडू नये.

काकांच्या नव्या डॉक्टर बाईंनी आधी औषधाला हातच लावला नाही. खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि पाच वेळा उठा-बसा म्हणाल्या. काकांना सतरा सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोक्याची सूचना. मग मुठीचा जोर मोजायचं यंत्र हातात दिलं. पुरुषाला २८ किलोच्या खाली आणि बाईला १८ च्या खाली म्हणजे कमजोर. काका २५ वर थांबले. बँकेत नोकरी असताना हा माणूस गॅसची टाकी एका हाताने उचलायचा.

मग प्रथिनाचा हिशेब झाला. पोह्यांच्या प्लेटमध्ये चार-पाच ग्रॅम. वयस्क माणसाचा स्नायू बांधायला एका जेवणात साधारण पंचवीस ग्रॅम लागतं. काकांची मूत्रपिंडं ठीक होती म्हणून दही, पनीर, मूग, भिजवलेले हरभरे वाढवले. मूत्रपिंड दुखावलेलं असेल तर हा हिशेब डॉक्टरला विचारूनच करावा लागतो. पोहे बंद झाले नाहीत. इंदुरात राहून पोहे बंद करायला सांगणारा डॉक्टर टिकणार नाही. जिलबी मात्र गेली.

चालण्याबद्दल काकांचा दावा होता, की सकाळी नेहरू पार्कात अर्धा तास होतो. चांगलंच आहे. पण न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेह्यांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात, दिवसात केव्हातरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. जेवून लगेच आडवं होणाऱ्याला ती शतपावली घालायला गच्चीवर पिटाळायची. मागच्या दाराचे हम्माल तिला ठाऊक नव्हते. पण शंभर पावलं पुरत नाहीत, हजारभर हवीत. सराफ्यात गराडू खाऊन गाडी जिथे लांब लावलेली असते तिथवर चालत गेलं, तर निदान तेवढं पुण्य पदरात पडतं.

नुसत्या चालण्याने मात्र मांड्या परत येत नाहीत. लुइझियानात २६२ मधुमेह्यांवर नऊ महिने केलेल्या चाचणीत चालणं आणि वजनं हे दोन्ही करणाऱ्यांचीच साखर ठळकपणे सुधारली. एकेकटं करणाऱ्यांची तेवढी नाही. काकांना जिम म्हटलं की लाज वाटत होती, म्हणून खुर्चीतून उठ-बस, जिन्याची पायरी, भिंतीला टेकून जोर, आणि पाच किलो कणकेची पिशवी उचलणं, असं आठवड्यातून तीनदा सुरू झालं. आधी डोळ्यांचा पडदा आणि हृदय तपासून घेतलं, कारण पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील तर श्वास कोंडून वजन उचलणं महाग पडतं.

दिवाळीच्या सुमारास एका रात्री जेवणाआधी जिन्यात काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. काकूंनी साखर तपासली. ५८. मूठभर साखर, मग पोळी, मग फोन. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे व्हायचंच होतं, मी आधी सांगायला हवं होतं. कोठार पुन्हा माल उचलू लागलंय, आणि तुम्ही मात्र इन्सुलिन पिळून काढणारी ग्लिमेपिराइडची गोळी जुन्याच मात्रेत घेताय. ती निम्मी झाली, आणि पुढच्या महिन्यात बंद. मेटफॉर्मिन चालू आहे, बी-१२ चालू आहे. पाच उठ-बशांना परवा तेरा सेकंद लागले. वजन चौसष्टच.